शब्दांची संगत



इंग्रजी शब्दसंग्रह वाढविण्याचा निश्चय बहुधा कोशापासून सुरू होतो. विद्यार्थी रोज दहा शब्द निवडितो, वहीत एका बाजूस शब्द व दुसऱ्या बाजूस मराठी अर्थ लिहितो, आणि पहाटे उठून घोकतो. महिनाअखेर तीनशे शब्द गाठीस असावयास हवेत. प्रत्यक्षात मूठभरही जिभेवर येत नाहीत. मग आपली बुद्धीच मंद, असे समजून तो वही मिटून ठेवितो. दोष बुद्धीचा नसून रीतीचा आहे, आणि असे खचलेले विद्यार्थी घरोघरी आहेत.

ज्या कोशावर त्याची एवढी भिस्त, तो कसा तयार झाला हे पाहण्याजोगे आहे. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांची शाळा गरिबीमुळे चौदाव्या वर्षी सुटली होती. १८७९ साली त्यांनी हे काम पत्करिले आणि बागेत पत्र्याची एक खोली उभारिली. देशोदेशींचे वाचक ग्रंथ वाचीत, शब्द दिसला की तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचे नाव व साल एका चिठ्ठीवर उतरून धाडीत. अशा लक्षावधी चिठ्ठ्या त्या खोलीतील खणांत लागल्या. पहिला भाग १८८४ साली निघाला. मरे १९१५ साली वारले आणि कोश पुरा झाला तो १९२८ साली. तेथे आधी वाक्य व मागाहून अर्थ, असा क्रम होता. आपला विद्यार्थी वाक्य टाकून नुसता अर्थ उचलितो.

त्याचा परिणाम असा की शब्द येतो, पण त्याची संगत येत नाही. इंग्रज पावसाला 'हेवी' म्हणतो. आपला पाऊस जोराचा असतो, जड कधीच नसतो. मराठी माणसाला स्वप्न पडते, इंग्रजाजवळ ते असते. आपलेच 'मुंगूस' इंग्रजीत 'मॉन्गूस' होऊन बसले आहे; परंतु 'गूस'चे 'गीस' होते म्हणून कोणी 'मॉन्गीस' म्हणेल तर फसेल.

धातू व उपसर्ग यांची ओळख उपयोगी पडते, यात संशय नाही. आहार, विहार, प्रहार, संहार हे आपल्याकडे जसे एका धातूचे, तसेच इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्स्पोर्ट हे 'वाहून नेणे' या अर्थाच्या लॅटिन धातूचे. तथापि संहारावरून आहाराचा अर्थ कळत नाही. तेथेही वाक्यच पाहावे लागते.

राहिला प्रश्न विसरण्याचा. जर्मन पंडित एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून आपले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. तासाभरातच पाठांतराचे निम्म्याहून अधिक श्रम वाया जात, असे त्यांस आढळले. आणखी असे की, एकाच दिवशी केलेल्या ६८ आवृत्त्यांचे काम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी होई. पहाटेचे घोकणे फुकट का जाते, ते यावरून दिसेल.

तेव्हा रोज दहा नकोत, वाचनात अडलेले तीन शब्द पुरेत. वहीऐवजी सुट्या चिठ्ठ्या घ्याव्यात: एका अंगास रिकामी जागा सोडून मूळ वाक्य, दुसऱ्या अंगास तो शब्द व स्वतः रचलेले एक वाक्य. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि पुढील आठवड्यात ती चिठ्ठी पुन्हा हाती घ्यावी. शब्द आठवला तर चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी जाते. न आठवल्यास उद्यासाठी वरच राहते.