बागेतील कुत्रा आणि सफाई कामगार

राजर्षी शाहूंनी १९१९ साली कोल्हापुरातील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. त्याच नगरीत रंकाळ्याकाठी कुत्रा फिरविणारा एखादा मालक विष्ठा तशीच टाकून जातो. उचलणारा कोणीतरी आहे, हे त्याने गृहीत धरलेले असते. तो ‘कोणीतरी’ कोणत्या वस्तीतून येतो, हे सांगावयास नको. कुत्र्यास सरसकट बंदी हा उपाय नव्हे. पशुकल्याण मंडळाने २०१५ सालीच बंदीऐवजी वेळा ठरविण्याचा मार्ग सुचविला आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ हयगयी मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते, परंतु ते माणसाच्या जीविताला असलेल्या वा जबर दुखापतीच्या धोक्यापुरते. साखळी मालकाच्या हाती असते, तशीच कागदी पिशवीही असावी. प्रभागातील कार्यकर्त्यांनी ही मागणी सफाई कामगारांसह महापालिकेपुढे न्यावी.