बोट थांबते तेवढ्या वेळात: मुरगाव बंदरातून जुन्या गोव्याकडे

 

मी टूर लीडर आहे. गाइड वेगळा आणि टूर लीडर वेगळा. गाइड त्या गावचा असतो, परवानाधारक असतो, त्याला दगड न् दगड माहीत असतो. मी तुमच्याबरोबर इथून निघते, तुमच्या गोळ्या-औषधांच्या वेळा सांभाळते, गाइडचं हिंदी-इंग्रजी बोलणं मराठीत सांगते आणि तुम्हाला मोजून परत आणते. माझे बहुतेक प्रवासी आपल्याच आसपासचे असतात. बीडनपुरा, रेगरपुरा, बँक स्ट्रीट या भागातली गलाईवाली कुटुंबं, म्हणजे मूळची विटा-खानापूर-आटपाडीकडची, आणि त्यांचे शेजारी, म्हणजे फाळणीनंतर इथे आलेल्या पंजाबी घरांतले लोक. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे याचा संबंध येणार आहे.

आजचा विषय आहे किनाऱ्यावरची सहल. मुंबईहून क्रूझ निघते, गोव्याला मुरगाव बंदरात लागते, काही तास थांबते आणि परत सुटते. त्या काही तासांत प्रवाशांना बसने जुन्या गोव्याला नेऊन आणतात. जगभर हीच पद्धत आहे. तुर्कस्तानात कुशादासी बंदरात बोट लागली की बस एफेससचे अवशेष दाखवते आणि डोंगरावरच्या मेरीमातेच्या घरी नेते. एका फेरीत एक पडलेलं शहर आणि एक जागतं तीर्थ. जुन्या गोव्यातही हेच आहे, आणि तिथे जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही.

आधी हिशेब सांगते. बंदरापासून जुनं गोवं साधारण तीस किलोमीटर. जायला एक तास, यायला एक तास, आणि गर्दी असली तर जास्तच. बोटीवरून उतरणं आणि परत चढताना तपासणी यात आणखी वेळ जातो. हातात राहतात तीन तास, फार तर साडेतीन. एवढ्या वेळात सगळं बघायला गेलात तर काहीच बघून होत नाही. म्हणून मी तीनच जागा धरते: बॉम जेझूची बासिलिका, समोरचं से कॅथेड्रल आणि टेकडीवरचे संत ऑगस्टीनचे अवशेष. बाकीचं बसच्या खिडकीतून.

आता बसच्या खिडकीचं महत्त्व सांगते. सहल चर्चच्या दारात सुरू होते असं लोकांना वाटतं. माझ्या मते ती कुठ्ठाळीला सुरू होते.

बस वास्को, दाबोळी करत झुआरी नदीपाशी येते. पुलाच्या अलीकडचं गाव कुठ्ठाळी. जुनं नाव कुशस्थळी. आपल्यापैकी ज्यांचं कुलदैवत मंगेशी आहे त्यांनी इथे खिडकीबाहेर बघावं, कारण मंगेशाचं मूळ देऊळ या गावात होतं. १५६० साली पोर्तुगीजांच्या भीतीने भक्तांनी देव उचलला, नदी ओलांडली आणि प्रियोळला नेला. ते गाव तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होतं. केळशीची शांतादुर्गा तशीच कवळ्याला गेली. आज फोंडा तालुक्यात एवढी मोठी देवळं एकमेकांच्या शेजारी का दिसतात, याचं उत्तर हे आहे.

पूल ओलांडला की आगशी आणि मग गोवा वेल्हा. इथे नेहमी घोटाळा होतो. गोवा वेल्हा म्हणजे जुनं गोवं नव्हे. गोवा वेल्हा म्हणजे कदंबांचं गोपकपट्टण. अकराव्या शतकात कदंबांनी चांदोरहून राजधानी इथे झुआरीकाठी आणली. अरब व्यापाऱ्यांची जहाजं इथे लागायची. आज रस्त्यावरून त्यातलं काहीही दिसत नाही. मी तरीही सांगते. थोड्या वेळाने तुम्ही एक पडलेलं शहर बघणार आहात, आणि त्याच्याही आधी एक शहर पडून गेलेलं आहे, हे डोक्यात असलं म्हणजे बघण्यात फरक पडतो.

याच रस्त्यावर एकदा बसमध्ये एका काकांनी मला विचारलं. सरळ माणूस, आवाज चढवला नाही. म्हणाले, "ताई, ज्यांनी आपली देवळं पाडली त्यांच्या चर्चमध्ये आपण हात जोडायला चाललोय का?"

बस गप्प झाली. असा प्रश्न आला की बरेच जण विषय बदलतात, जेवायला काय आहे ते सांगतात. मला ते पटत नाही. प्रश्न खरा आहे, आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं. मी काय सांगितलं ते इथे सांगते.

पहिलं, देवळं पाडली हे खरं आहे. तिसवाडीत १५४० च्या सुमारास पाडली, नंतर बार्देश आणि साष्टीत. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झालं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. त्याने बाटलेल्यांना छळलं, ज्यू वंशाच्या लोकांना छळलं, लोकांचे घरातले रीतिरिवाज गुन्हा ठरवले. हे लपवून जुनं गोवं दाखवता येत नाही.

दुसरं, आज त्या चर्चमध्ये गुडघे टेकून बसलेली बाई पोर्तुगीज नाही. ती कुठ्ठाळीची आहे, आगशीची आहे. तिचे पूर्वज आणि मंगेशाबरोबर नदी ओलांडणाऱ्यांचे पूर्वज एकाच गावात राहत होते. काही गेले, काही राहिले. आणि मधला धागा पूर्ण तुटलेला नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. शिरगावची लईराई देवी आणि ती सायबीण या बहिणी, असं तिकडे दोन्हीकडचे लोक मानतात.

तिसरं, हात जोडायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी कोणाला जोडायला सांगत नाही, कोणाला अडवत नाही. फक्त आत वाद घालायचा नाही. आत लोक प्रार्थनेला बसलेले असतात. जो वाद घालायचा तो बसमध्ये घाला, मी तयार आहे.

काका म्हणाले, "ठीक आहे, बघतो." मला तेवढं पुरेसं होतं.

आता जुनं गोवं. २५ नोव्हेंबर १५१० ला अफोन्सो द अल्बुकर्कने ते आदिलशहाकडून घेतलं. तो सेंट कॅथरीनचा दिवस होता, म्हणून से कॅथेड्रल तिच्या नावाचं आहे. कॅथेड्रलचं काम १५६२ ला सुरू झालं आणि १६१९ ला इमारत पुरी झाली. त्याला दोन मनोरे होते. एक १७७६ ला पडला आणि परत बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणतात ती मोठी घंटा आहे. आदिलशहाच्या वाड्याचा मात्र जवळच काळ्या दगडाचा एक दरवाजा तेवढा उभा आहे. आत-बाहेर काही नाही, नुसती चौकट.

बासिलिका १५९४ ला सुरू झाली आणि १६०५ ला अर्पण झाली. तिचा जांभा दगड उघडा दिसतो आणि सगळ्यांना तो फार आवडतो. पण तो मुळात तसा नव्हता. त्यावर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढला गेला. कोकणात घर असलेल्यांना सांगायला नको, जांभा पावसात काय पितो ते. त्या भिंतींची काळजी आज सगळ्यांना आहे. त्यामुळे भिंतींना हात लावू नका, टेकू नका.

आत फ्रान्सिस झेवियर. ते १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात आले आणि दहा वर्षांनी, ३ डिसेंबर १५५२ ला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. देह आधी मलाक्काला आणि १५५४ ला गोव्यात आणला. १६२२ ला त्यांना संतपद मिळालं. गोव्यात त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात. दर दहा वर्षांनी अवशेष दर्शनासाठी खाली आणतात. मागचं प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ होतं, तेव्हा ते से कॅथेड्रलमध्ये ठेवले होते. एरवी पेटी उंचावर असते, खालून बघायची.

त्या पेटीपाशी माझ्या गलाईवाल्यांचे पाय थांबतात. खालचा संगमरवरी चौथरा इटलीचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने तो पाठवला, फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराने केलेला, १६९८ ला इथे बसवलेला. गाइड त्याचंच कौतुक जास्त करतात. पण वरची चांदीची पेटी १६३६-३७ ची, आणि ती गोव्याच्या कारागिरांनी घडवली आहे. तिच्यावर संताच्या आयुष्यातले प्रसंग उठावात आहेत. तेच काका, बसमध्ये प्रश्न विचारणारे, मान वर करून बराच वेळ बघत राहिले. चाळीस वर्षं सोनं-चांदी गाळलेला माणूस. मला म्हणाले, "पत्र्यावर मागून ठोकून काढलंय. हे करायला डोळे जातात माणसाचे." हात जोडले का, ते मी बघितलं नाही. पण कारागिराला त्यांनी दाद दिली, आणि त्या कारागिराचं नाव त्या पेटीवर कोणी वाचून दाखवत नाही.

आता टेकडीवर. चढ आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर बासिलिकेच्या सावलीत बसा, त्यात कमीपणा नाही. बाकीच्यांनी टोपी, पाणी आणि बंद बूट घेऊन चला. संत ऑगस्टीनचं चर्च १६०२ ला पुरं झालं. मनोरा ४६ मीटर उंच होता. १८३० च्या दशकात पोर्तुगालने धार्मिक संघ बंद केले, मठ ओस पडला. १८४२ ला छताची कमान कोसळली. १९३१ ला दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा गेला. घंटा आधीच काढली होती, ती आज पणजीच्या मोठ्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे. शहरही तोवर रिकामं झालं होतं. आळीपाळीने साथी आल्या, लोक पणजीकडे सरकले, आणि १८४३ ला पणजी अधिकृत राजधानी झाली. एफेससचं बंदर गाळाने भरलं आणि शहर गेलं. इथे मलेरिया आणि कॉलऱ्याने तेच केलं.

त्या पडक्या भिंतींत एक गोष्ट आहे, ती मी कधीच गाळत नाही. जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासने तिला शिराजमध्ये कैदेत ठेवलं आणि धर्म बदल म्हणून सांगितलं. तिने नकार दिला. १६२४ ला तिला हाल करून मारलं. तिथल्या ऑगस्टीन पंथाच्या पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि काही भाग गोव्यात या मठात आणून ठेवला. पेटी कोणत्या खिडकीपाशी आहे हे जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहिलेलं होतं. त्यावरून भारतीय पुरातत्त्व खात्याने शोध घेतला, हाडाचा तुकडा मिळाला, हैदराबादच्या सीसीएमबीत डीएनए तपासला. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्यातला भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या हवाली केला. जॉर्जियात ती संत आहे.

आता विचार करा. ज्या शहरात धर्म बदलायला लावणारं न्यायालय बसत होतं, त्याच शहराने धर्म न बदलल्याबद्दल मारलेल्या बाईची हाडं पूज्य म्हणून जपली. ज्यांनी जपली त्यांना ही विसंगती जाणवली असेल की नाही, कोण जाणे. आपल्याला जाणवली पाहिजे. हे मी टेकडीवर सांगितलं तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या एक पंजाबी आजी म्हणाल्या, "हमारे घर से भी माताजी की मूरत ही उठाई थी, बाकी सब वहीं रह गया।" त्या लायलपूरहून लहानपणी आलेल्या. कुठ्ठाळी, शिराज आणि लायलपूर त्यांच्या डोक्यात एका ओळीत आले होते. मला ते समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी कामाच्या चार गोष्टी. बोटीकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही, म्हणून नियम आधी विचारून घ्या. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. रविवारी आणि सणाच्या दिवशी मिस्सा चालू असते, तेव्हा मागे शांत उभं राहा. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना आणि ३ डिसेंबरला फेस्त. त्या दिवसांत गर्दी प्रचंड, पण तीर्थ म्हणजे काय ते तेव्हाच कळतं.

आणि परतताना बसमध्ये झोपू नका. पूल ओलांडताना पुन्हा कुठ्ठाळी लागते. जाताना जे गाव नुसतं नाव होतं, ते येताना वेगळं दिसतं. तेवढं दिसलं की तीन तास वाया गेले नाहीत असं समजा.

प्रश्न असतील तर विचारा. अवघड असले तरी चालतील.