कडबा कुट्टीचे बेअरिंग आणि पट्टा



आपल्या जालना जिल्ह्यात ज्वारीचा कडबा हा गुरांचा मोठा आधार. तो बारीक कापून घातला की वाया कमी जातो. म्हणून पुष्कळ जण गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात कडबा कुट्टी यंत्र करून घेतात. सांगाडा मजबूत होतो. पण यंत्राचा जीव दोन वस्तूंत असतो : बेअरिंग आणि पट्टा. त्या चुकल्या तर पैसा जातो. कधी हातही जातो.

आधी बेअरिंग पाहू. बैलगाडीला वंगण नसले की चाक कुरकुरते, आस झिजतो. ही झीज वाचवणे हेच बेअरिंगचे काम. दोन कड्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या फिरतात.

बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. आपण मोबाइलवर जे इंग्रजी आकडे दाबतो, तेच हे आकडे. ते स्वतः वाचा. समजा, नंबर ६२०५ आहे. शेवटचे आकडे ०५. पाच पंचे पंचवीस. म्हणजे हे बेअरिंग २५ मिलिमीटर जाडीच्या शाफ्टवर बसते. ६२०६ असेल तर ३० मिलिमीटरच्या. दुकानात जाताना शाफ्टचे माप घेऊन जा. ढिले बेअरिंग शाफ्ट खाते.

भुसा आत गेला की गोळ्या झिजतात. म्हणून दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेले घ्या. शाफ्टवर बसवताना बाहेरच्या कड्यावर हातोडा मारू नका. आतल्या कड्यावर नळीचा तुकडा टेकवून हळू ठोका.

आता पट्टा. हा वर रुंद, खाली निमुळता असतो. 'ए' जातीचा पट्टा वर १३ मिलिमीटर रुंद, 'बी' जातीचा १७. पुलीची खाच त्याच जातीची हवी. पट्टा खाचेच्या दोन्ही भिंतींना धरून चालतो. तळाला टेकला की सटकतो आणि तापतो. ताण कसा पाहायचा? दोन पुल्यांत एक मीटर अंतर असेल, तर मधोमध अंगठ्याने दाबा. बोटाच्या जाडीइतका दबला की पुरे. फार ताणला तर बेअरिंग लवकर जाते.

वेगाचा हिशेब सोपा आहे. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते. तिची पुली ३ इंची, यंत्राची १२ इंची. बारा म्हणजे तिनाची चौपट. म्हणून यंत्राचे फेरे एक चतुर्थांश, म्हणजे ३६०. यंत्र किती फेऱ्यांसाठी केले आहे, ते कारागिराला विचारा. काम लवकर उरकावे म्हणून यंत्राची पुली लहान करू नका. वेग वाढला की पाते निखळून उडू शकते.

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. पट्ट्यावर जाळीचे झाकण हवेच. पदर, धोतर, उपरणे पट्ट्यात सापडले तर माणूस ओढला जातो. मळणी यंत्रासारख्या यंत्रांवर राबणाऱ्यांच्या रक्षणासाठी १९८३ साली भारत सरकारने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. पण कायदा आपल्या गोठ्यात उभा राहत नाही. तिथे आपणच असतो. झाकणाचे चार पैसे वाचवू नका. पट्ट्याला हात लावण्याआधी मोटारीची वीज तोडा. मुलांना यंत्राजवळ येऊ देऊ नका.

आता आपल्याला वाचता येते. तर पुढच्या खेपेला बेअरिंगचा नंबर आपणच वाचू या.