नदी कोणाची?

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीने हजारो हातांना काम दिले, हे कोणी नाकारणार नाही. परंतु कारखान्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्याने सुखना नदी नासली, ही हानी कोणत्याही ताळेबंदात नोंदली गेली नाही. नफा खाजगी राहिला. दुर्गंधी तेवढी सार्वजनिक झाली. जलप्रदूषणविरोधी कायदा तर १९७४ पासून आहे! याच शहरात २०२१ पासून खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले. तेव्हा हे अशक्य नव्हे. मात्र काठ सुशोभित करून, फाटक लावून, तिकीट आकारून नदी लोकांना परत मिळत नाही. पाळी सुटल्यावर कामगार जिच्या काठी मुलाबाळांसह निर्धास्त बसेल, तीच लोकांची नदी. त्यासाठी प्रथम सांडपाणी थांबले पाहिजे. आणि शुद्धीकरणाचा खर्च ज्याने नदी नासवली, त्यानेच सोसला पाहिजे.