पाणी शोधणारी आई आणि लेकीचा वाटा



हजचे दिवस जवळ आले की माझी नानी एक गोष्ट सांगायची. बीबी हाजरा तान्ह्या इस्माईलला घेऊन ओसाड रानात एकट्या होत्या. जवळचं पाणी संपलं. बाळ तहानेनं तळमळायला लागलं. तेव्हा त्या सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या. मग जमजमचं पाणी लागलं. आजही हजला गेलेला माणूस, राजा असो की मजूर, तिथं सात फेऱ्या घालतो. पाणी शोधणाऱ्या एका आईची ती वाट आहे.

ही धावपळ आपल्याला नवी नाही. हंडा कुठल्याही धर्माच्या बाईच्या डोक्यावर तेवढाच जड असतो.

नानी एका तांब्यात वजू करायची. घरात नळ आला तरी तांब्याच. म्हणायची, वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी वाया घालवू नका, असं पैगंबरांनी सांगितलंय. लावलेल्या झाडाचं फळ पाखरानं खाल्लं तरी लावणाऱ्याला दानाचं पुण्य मिळतं, ही हदीसही तिच्याकडूनच ऐकली.

आता दुसरी बाजू. कुरआनातल्या चौथ्या सूऱ्याचं नावच 'निसा', म्हणजे स्त्रिया. आईबापांनी मागे ठेवलेल्यात, थोडं असो की जास्त, बाईचा ठरलेला वाटा आहे, असं त्यात सांगितलंय. तिनं कमावलेलं तिचं, हेही त्यात आहे. मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा आहे. त्यावर वाद होतील. पण तो निम्मा तरी किती जणींच्या हातात पडतो?

आमच्या बचत गटातल्या एकीच्या माहेरी वजूचं पाणीसुद्धा झाडांना घालतात. चांगली गोष्ट. पण वडील गेल्यावर भावांनी तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली. "बहीण कधी वाटा मागते का?" म्हणाले. त्याच जमिनीतल्या विहिरीचं पाणी लहानपणी तिनं शेंदलं होतं. थेंब वाया घालवणं पाप, आणि बहिणीचा वाटा ठेवून घेणं रीत? किताबाचं एक पान वाचायचं आणि दुसरं झाकायचं, हे कसं चालेल?

हिंदू बहिणींनो, तुमचंही तेच. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला भावाइतका हक्क दिला. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का, बघून या.

जमीन आपली असेल तर बाई बांधावर दहा वर्षांनी फळणारं झाडही लावते. उद्या कुणी हाकलेल अशी धास्ती असली, तर कशाला लावेल?

आमच्या गटानं एक ठरवलंय. कुठलाही कागद बैठकीत मोठ्यानं वाचल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्याच.