अंगठा रिळावरच



गळ टाकून मासे धरणाऱ्यांसाठी आज फिरत्या रिळाची गोष्ट.

अमेरिकेतलं केंटकी राज्य.
तिथल्या पॅरिस गावात, 19व्या शतकाच्या सुरुवातीला, जॉर्ज स्नायडर हे घड्याळजी राहत.
त्यांनी दातेरी चाकांचं असं रीळ घडवलं.
हँडल एकदा फिरवलं, की रीळ अनेकदा फिरे.

आजही अशा रिळात, आमिष फेकताना रीळ स्वतः फिरतं.
खरी मेख इथेच आहे.

बटण दाबलं, रीळ मोकळं झालं.
काठी झटकली, आमिष उडालं.
पुढे आमिष हवेत मंदावतं…
रीळ मात्र तसंच गरगरतं.
जादा सुटलेला दोरा जाणार कुठे?
क्षणात गुंता!

म्हणून अंगठा रिळावरच हवा.
दाबायचा नाही, नुसता टेकवायचा.
आमिष पाण्याला लागण्याआधी, रीळ थांबवायचं.

नव्या अनेक रिळांत चुंबकाचा ब्रेक असतो.
तरी माझा भरवसा अंगठ्यावरच.

शिकताना आमिष जरा जड घ्या.
त्याचे गळ काढा, आणि मोकळ्या मैदानात फेका.
आधी बाजूची चकती फिरवून रीळ जुळवा.
बटण दाबल्यावर आमिष सावकाश उतरलं पाहिजे.
ते जमिनीला टेकताच, रीळ थांबलं पाहिजे.
नाही थांबलं, तर चकती थोडी आवळा.