जुन्या तारेतून नवा वेग

श्रोतेहो, मी इतिहास शिकविणारा माणूस. यंत्रांविषयी बोलण्याचा अधिकार माझ्याकडे नाही असे कोणी म्हटले, तर ते मला मान्य आहे. परंतु गेल्या वर्षी कळंब परिसरातील एका शाळेत जे घडले, त्यात माझा हात होता, आणि माझी एक चूकही होती. ती हकिगत शाळामास्तरांच्या आणि गावकऱ्यांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून आज सांगतो.

त्या शाळेत बारा संगणकांची एक खोली आहे. कार्यालयात इंटरनेटची काचतंतूची जोडणी आली, दोनशे मेगाबिटची. कार्यालयातल्या डब्याशी बसून मोजले तर दोनशे पुरे भरत. पण संगणकांच्या खोलीत आकडा कधी पंच्याण्णवच्या वर जाईना. बारा मुले एकदम बसली की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम आठ. चित्रफीत अडे, मुले खिडकीबाहेर पाहू लागत.

तिथल्या गुरुजींनी मला फोन केला. मी काहीही न पाहता, "खोलीतला स्विच बदला," असे सांगून मोकळा झालो. चार हजार रुपये गेले, आणि वेग तसूभरही वाढला नाही. पुढे एका कारागिराने सांगितले की, भिंतीतली सगळी तार जुनी झाली, ती काढून नवी घालावी लागेल. खर्च अठ्ठावन्न हजार. तो कागद घेऊन गुरुजी मला नेरळ स्टेशनवर भेटले. म्हणाले, "सर, पालकांनी भात विकून वर्गणी दिली आहे. एकदा तुम्ही स्वतः येऊन बघाल का?" तेव्हा मात्र मला गेल्यावाचून राहवेना.

आता ही तार म्हणजे काय, ते आधी पाहू. आपण जिला लॅनची केबल म्हणतो, तिच्या आत आठ बारीक तारा असतात. दोन-दोन तारा एकमेकींना पीळ देऊन चार जोड्या केलेल्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरचा विजेचा उपद्रव पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि पलीकडचे यंत्र दोहोंतला फरक तेवढा वाचते, म्हणून उपद्रव आपोआप वजा होतो. ही युक्ती टेलिफोनच्या काळातली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली तिचे पेटंट घेतले होते.

१९९५ साली शंभर मेगाबिटचा जो प्रघात पडला, त्यात चारांपैकी दोनच जोड्या वापरात असत. एक जाण्याची, एक येण्याची. उरलेल्या दोन नुसत्या पडून. १९९९ साली त्याच जातीच्या तारेतून हजार मेगाबिट नेण्याची रीत ठरली. ती कशी, हे हिशेबाने पाहण्यासारखे आहे. तारेवरची स्पंदने वाढविली नाहीत. ती पूर्वीसारखीच सेकंदाला साडेबारा कोटी ठेवली. पण प्रत्येक स्पंदनाला विजेच्या दाबाच्या पाच पायऱ्या दिल्या, त्यामुळे एका स्पंदनात दोन बिट मावले. आणि चारही जोड्या कामाला लावल्या. साडेबारा कोटी गुणिले दोन, गुणिले चार. झाले शंभर कोटी, म्हणजेच हजार मेगाबिट! शिवाय प्रत्येक जोडीवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणे चालते. आपलेच बोलणे वजा करून समोरच्याचे तेवढे ऐकायचे, हे काम टोकाची यंत्रे करतात. म्हणजे तार तीच, शहाणपण मात्र टोकाला वाढले.

श्रोतेहो, कर्जतच्या माणसाला हे नवे वाटू नये. आपला बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, तो वाफेच्या इंजिनांसाठी. पुढे विजेची इंजिने आली, १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. तेव्हा घाटातला सगळा मार्ग काही उखडून टाकला नाही. मात्र खंडाळ्याच्या अलीकडे एक जागा अशी होती की, तेथे गाडी थांबवून, इंजिन सोडून, ते दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. ती अडचणीची जागा १९२९ साली नवा मार्ग काढून टाळण्यात आली. चांगले होते ते ठेवले, अडत होते तेवढे बदलले. आम्हांलाही हेच करावयाचे होते, पण अडते कुठे, ते आधी शोधणे भाग होते.

एका रविवारी गुरुजी, मी आणि गावातला वायरिंगची कामे करणारा एक मुलगा असे तिघे बसलो. प्रथम तारेच्या कातड्यावरची छपाई वाचली. तिथे 'कॅट ५ ई' असे होते. ही जात हजार मेगाबिट शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार नेते. मग जुना स्विच काढून पाहिला, तर त्यावरही हजाराचा आकडा छापलेला! म्हणजे मी सांगितलेली खरेदी मुळातच अनावश्यक होती. शेवटी कार्यालयातून खोलीत येणाऱ्या मुख्य तारेचा कनेक्टर कापला, आणि उलगडा झाला. आठांपैकी चारच तारा जोडलेल्या. निळी आणि तपकिरी जोडी मागे दुमडून ठेवलेली. ज्या काळी काम झाले, तेव्हा शंभर पुरत होते, म्हणून कोणी तरी श्रम वाचविले असावेत. यंत्रे मात्र आपसात बोलून, जमेल तेवढ्याच वेगावर तडजोड करीत होती. त्यामुळे बिघाड दिसत नव्हता, नुसती मंदगती दिसत होती.

आम्ही सगळी टोके नव्याने बसविली. पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उकलू दिला नाही. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवला आणि टेस्टर लावून आठही तारा तपासल्या. मुख्य तारेवर हजाराचा दिवा लागला. खोलीतल्या बारांपैकी अकरा तारा उत्तम निघाल्या. एक उंदरांनी कुरतडलेली होती, ती नवी घातली. पलीकडच्या इमारतीत जाणारी तार मात्र उघड्यावर पावसात फुटली होती. तिथे आम्ही तांबे घातलेच नाही, काचतंतू घातला. कारण दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टांगली की आपल्याकडची वळवाची वीज तिच्यावाटे यंत्रांत शिरण्याची भीती असते.

एकूण खर्च साडेसहा हजार. आता बारा मुले बसली तरी प्रत्येकाला सोळाच्या आसपास मिळतात. याहून अधिक का नाही, असे एका पालकाने विचारले. त्याचे उत्तर जुनेच आहे: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बाहेरून दोनशे येतात, तेवढेच वाटता येतात. खोलीतल्या खोलीत, एका संगणकावरून दुसऱ्यावर धडे उतरविताना मात्र हजाराचा पुरा लाभ होतो.

याच्याही पुढे जाता येते. २०१६ साली जो प्रघात ठरला, त्यानुसार याच 'कॅट ५ ई' तारेतून अडीच हजार मेगाबिट आणि 'कॅट ६' मधून पाच हजार, शंभर मीटरपर्यंत नेता येतात. कचेऱ्यांच्या भिंतींत आधीच घातलेली तार फुकट जाऊ नये, हाच त्यातला हेतू. दहा हजारांसाठी मात्र 'कॅट ६' ची मजल पंचावन्न मीटरच्या आतच. पुऱ्या शंभर मीटरला 'कॅट ६ ए' हवी. पण गरज नसताना या आकड्यांच्या मागे लागू नये, एवढेच माझे सांगणे.

जुनी ती सगळी चांगली, असेही मला म्हणावयाचे नाही. काही केबल आतून ॲल्युमिनियमच्या असतात, वर तांब्याचा नुसता मुलामा. पात्याने खरवडले की आत पांढरी दिसते. ती वेगाला दगा देते, आणि टोकाशी तुटतेही लवकर. ती बदलावीच. मधे सांधे असलेली, विजेच्या तारांच्या जुडग्यात बांधलेली, पाण्यात भिजलेली तार हिच्यावरही विसंबू नये.

तेव्हा गुरुजींनो, कोणी भिंत फोडावयास सांगितली तर आधी चार गोष्टी पाहा: तारेवरची छपाई, आठही तारांची जोडणी, लांबी, आणि दोन्ही टोकांच्या यंत्रांवरचा आकडा. ज्या तारेत दोष सापडेल, तीच बदला.

उरलेल्या पैशांचा विषय पालकांच्या सभेत निघाला. बहुतेकांनी ते मुलांच्या पुस्तकांसाठी ठेवावयास सांगितले. न पाहता दिलेल्या माझ्या सल्ल्यापायी चार हजार गेले, हे मी त्याच सभेत उभे राहून सांगितले. मागच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "मास्तर, नाडी न बघता औषध दिलंत की हो!" सभा हसली, मीही हसलो. पण तेव्हापासून फोनवरून सल्ला देण्याचे मी सोडले आहे.